बारा नारंगी झेंड्या

सिएरा नेवाडाच्या डोंगरात, साडेअकरा हजार फुटांवर, वारा कानात नुसता भणभणत होता. सांता क्लाराच्या ऑफिसातल्या मैत्रिणी खाली तळ्यापाशीच थांबल्या होत्या. वर दगडांमध्ये, बारीक तारांवर, नारंगी झेंड्या फडफडत होत्या. कुणीतरी कचरा करून गेलंय, असं वाटलं मला. बाराच्या बारा उपटल्या, सॅकमध्ये कोंबल्या आणि आईसाठी व्हॉइस नोट रेकॉर्ड करू लागले.

“मराठी?” मागून आवाज आला.

रापलेला चेहरा, वाढलेली दाढी आणि हसरे डोळे... तो परीक्षित. नागपूरचा, इथे पीएचडी करणारा.

“इथल्या झेंड्या पाहिल्यात का तुम्ही?”

“नाही,” मी म्हणाले.

का म्हणाले? तो इतका छान हसला होता, की त्याच्यासमोर मूर्ख ठरायची लाज वाटली—बस्स.

तो गुडघ्यांवर बसून शोधू लागला. एकेक झेंडी म्हणजे जमिनीवरच्या एकेका चौकोनाची खूण होती, आणि त्याची लॅब नऊ वर्षं त्या चौकोनांतली इवलीशी झाडं मोजत होती. “तापमान वाढतंय ना, खालची झाडं वर सरकतायत,” तो म्हणाला. “आणि ही वरची... यांनी कुठे जायचं? वर नुसतं आभाळ.” त्यानं गुलाबी फुलांचा मुठीएवढा हिरवा गोळा दाखवला. “हे झाड वयानं आपल्या दोघांहून मोठं असेल.”

पाठीवरची सॅक मला जड जड होत गेली.

“वाऱ्यानं गेल्या असतील,” तो पुटपुटला. “मीच नीट रोवल्या नसतील.”

पुढच्या शनिवारी मी पाच तास ड्राइव्ह करून मदतीला गेले. त्याच्या पुढच्याही. जुने फोटो हातात धरून आम्ही दगडाला दगड जुळवत चौकोन शोधायचो.

“सॉफ्टवेअरवाल्यांना शनिवारी झोप येत नाही का?”

“येते. पण स्वप्नात इतकी वाईट दाढी दिसत नाही.”

तो खो-खो हसला. आणि मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, “प्रोफेसर खूप बोलल्या मला. तू नसतीस तर सोडूनच दिलं असतं, यार. किती चांगली आहेस तू...”

मला ते ऐकवेना. “परीक्षित—झेंड्या माझ्याकडे आहेत. मीच उपटल्या. कचरा वाटला म्हणून.”

त्यानं हातातला फोटो खाली ठेवला.

“कचरा वाटला, हे समजू शकतो,” अखेर तो म्हणाला. “पण तीन शनिवार, स्वानंदी? मी बोलणी खाल्ली, तेव्हाही?”

 तो पाठ फिरवून मोजत बसला. मी डोळे पुसत उतरले.

सोमवारी मी त्याच्या प्रोफेसरबाईंना व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. कान नुसते पेटले होते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, “उरलेले चौकोन शोधायला येणार आहेस का?”

गेले. तो कामापुरतंच बोलला. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यानं न विचारता माझ्या डब्यातलं थालीपीठ उचललं. ऑगस्ट संपेपर्यंत दहा चौकोन सापडले. दोन कधीच सापडले नाहीत. त्यांची नऊ वर्षं माझ्यामुळे गेली, ती गेलीच.

शेवटच्या दिवशी तो पंधरा-वीस पावलांवर टेप गुंडाळत होता.

“परीक्षित,” मी हाक मारली.  “मला तू आवडतोस. हे... हे मात्र लपवून ठेवणार नाहीये.”

टेप त्याच्या हातातच राहिली.

“तसा उशीरच केलास,” तो म्हणाला. “मी दोन शनिवार वाट बघतोय.”

मी धावलेच त्याच्याकडे—

“ए, थांब! पायाखाली झाडं आहेत! दगडांवरून ये! दगडांवरून!”

लाजेनं लाल होत, हसत, एकेक दगड बघून पाय टाकत... मी त्याच्यापर्यंत पोचले.