मोजलेली एकच पहाट

रेडिओ सुर्कोचा फोन थांबत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोभोवतीच्या द्राक्षमळ्यांतून, ट्रकांतून फर्माइशी येत होत्या. श्रोते मोजणारा अहवाल मात्र सांगत होता, श्रोता एकही नाही.

"जाहिरातवाले फोन ऐकत नाहीत, अहवाल बघतात," मालकीण एउलालिया, सगळ्यांच्या दोन्या म्हणजे बाईसाहेब, म्हणाल्या. "शुक्रवारी सही करायची आणि स्टेशन विकायचं. ह्यांनी उभं केलेलं, आता ते नाहीत. मग इथे आपलं मेक्सिकन गाणं वाजायचं नाही."

गुप्तहेर रेमेदिओस किरोसने कपाटातल्या पेटीकडे पाहिलं. "ही कशाला?"

"गाण्याखाली न ऐकू येणारी खूण मिसळते," तंत्रज्ञ फिदेन्सिओ म्हणाला. "काही घरांत मोजयंत्रं असतात, ती खूण टिपतात. दिवा रोज लागलेला असतो, बाई."

रेमेदिओसने पेटीमागे हात घातला. दिवा जळत होता, पण आवाजाची वायर पेटीला वळसा घालून गेली होती; गाण्यात खूण मिसळतच नव्हती.

रेमेदिओसचा दीर आणि मदतनीस आबुंदिओ अहवालात डोकं घालून बसला होता. "वहिनी, महिनाभर शून्य. फक्त दहा मेच्या पहाटे आकडे भरभरून. यंत्र बिघडलं असेल."

"भावजी, दहा मे म्हणजे मेक्सिकोचा मातृदिन. बिघडलेलं यंत्र मातृदिन पाळत नाही."

पेटीच्या कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: निवेदक, तंत्रज्ञ आणि मालकिणीचा मुलगा.

"त्या पहाटे मी रिवाजाप्रमाणे आईच्या खिडकीखाली गात होतो," निवेदक नाझारिओ म्हणाला. "शेजाऱ्याने कुत्रं सोडलं. पँट दाखवू?"

"मी तिहुआनाला, आईकडे," फिदेन्सिओ म्हणाला.

दोन्यांचा मुलगा रोहेलिओ हसला. "मी झोपलो होतो. आईला फुलं पाठवली. खिडकीखाली गायचे दिवस गेले, आणि या गाण्यांचेही."

दोन्या हळूच म्हणाल्या, "पण त्या पहाटे रेडिओवर ह्यांचा आवाज लागला. लग्नाआधी माझ्या खिडकीखाली म्हणायचे ते गाणं; ऐकलं हे कळावं म्हणून मी खिडकीत दिवा लावायची. नाझारिओ, तूच लावलंस ना?"

"माझ्याकडे कुठून येणार, दोन्या?"

"त्या गाण्याची टेप कुठे असते?" रेमेदिओसने विचारलं.

"माझ्या घरच्या कपाटात. घरी मी आणि रोहेलिओ, दोघंच."



"पहाटे स्टेशन रिकामं असतं, गाणी आपोआप लागतात," रेमेदिओस म्हणाली. "ती टेप कुणीतरी हाताने लावली. स्टेशन विकलं जावं म्हणून त्याने वायर वळवली, आणि त्या गाण्यापुरती परत जोडली. वडिलांचं गाणं आईसाठी लागलं आणि कुणीच ऐकलं नाही, असं कागदावर यावं, हे त्याला सोसलं नाही. नाहीतर तो सापडला नसता. हो ना, रोहेलिओ?"

रोहेलिओ खाली बघत राहिला. "तू इथेच झिजून जाशील, आई. मला दुसरं काही सुचेना."

फोन वाजत होता.

"वायर जोड," दोन्या म्हणाल्या. "शुक्रवारी स्टेशन घ्यायला येईल त्याला कॉफी पाज, पेन देऊ नकोस. आणि पुढच्या दहा मेला खिडकीखाली ये. बेसूर गायलास तरी मी दिवा लावीन."