हुंगलेलं कमळ

"अहो महत्तया, हे काय केलंत!"

श्रीलंकेतल्या दंबुल्लच्या लेण्यांच्या पायथ्याशी फुलं विकताना उदेनीने भाविकांच्या पुष्कळ चुका पाहिल्या होत्या. पण पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला हा उंच तरुण पूजेचं कमळ नाकाशी धरून, डोळे मिटून, चक्क हुंगत होता.

"का? वास छान आहे की..."

"मग ते तुमचंच झालं. बुद्धाला उष्टं फूल वाहणार?"

त्याचे कान लाल झाले. उदेनीने दुसरी कळी घेतली, एकेक पाकळी आत दुमडत ती फुलवली... तो पाकळ्या सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"जनित, चढ लवकर!" त्याच्या आई करवादल्या, आणि उदेनीच्या स्टुलावर बसल्या. आईंचे गुडघे पायऱ्यांच्या विरोधात होते, जीभ मात्र कशाच्याच विरोधात नव्हती. मुलगा वर पोचेपर्यंत उदेनीला सगळं कळलं – पुढे हबरणा गावी मुलगी बघायला चाललेत, मुलगी बँकेत आहे, आणि ज्योतिष्याने बजावलंय, दहा बावन्नच्या आत तिच्या उंबऱ्यात पाऊल पडलं पाहिजे.

उदेनी "अस्सं" म्हणाली. का कोण जाणे, पुढच्या कळीची पाकळी फाटली.

जनित घामाघूम होऊन खाली आला. कमळ हातातच.

"वर पोचलो आणि... हुंगलं गेलं."

"चुकून?"

"पहिल्यांदा चुकून."

तिने हसू दाबून नवी कळी दिली. तो पुन्हा चढला. पुन्हा उतरला. पुन्हा कमळ हातातच!

"डोंगर चढायची हौस दिसते," उदेनी म्हणाली.

"उतरायची आहे."

"पुता, दहा वाजून वीस झाले!" आई म्हणाल्या. "आत्ता निघालो तरच पोचू."

जनित गाडीकडे वळला नाही. फुलांवर वाकून हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगा... गाडीत बसू, की आणखी एक फूल घेऊ?"

बी.ए. झाल्यापासून चार वर्षं उदेनी शिक्षिकेच्या नेमणुकीची वाट बघत होती. वाट बघण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण ही गाडी थांबणारी नव्हती.

तिने सगळ्यात टपोरी निळी कळी उचलली. नाकाशी नेली. आईंच्या देखत, सावकाश, मनसोक्त हुंगली – आणि त्याच्यापुढे धरली.

"हे बुद्धाला चालणार नाही," ती म्हणाली.

"मला चालेल," जनित म्हणाला.

आईंनी घड्याळ पाहिलं. मुलाच्या हातातलं फूल पाहिलं. मग उदेनीची पाकळ्या दुमडणारी बोटं बराच वेळ न्याहाळली.

"हबरण्याला फोन कर, आणि माफी माग नीट," आईंनी मुलाला सांगितलं. "तुझी पत्रिका असेल ना गं घरी?"

"आहे... पण घर डोंगरामागे आहे."

"पायऱ्या आहेत?"

"नाहीत."

"मग बघू." आईंनी स्टूल सावलीत ओढलं. "आधी बुद्धाला एक फूल धड पोचू दे. तू जा गं त्याच्याबरोबर. ह्याच्या नाकाचा भरवसा नाही."

दोघं चढू लागली. पूजेचं कमळ उदेनीच्या हातात, हुंगलेलं त्याच्या खिशात. जनित तिसऱ्यांदा चढत होता. पण ह्या वेळी त्याला घाई नव्हती.