शेखरच्या मशीनपुढचा नारळ

कोर्टाच्या माणसानं सील तोडलं, मशीनच्या जळालेल्या विजेच्या पॅनेलचं दार उघडलं, आणि आत मेलेल्या मुंग्यांचा थर दिसला.

अॅडव्होकेट तृप्ती वाकून बघत राहिली. मागे मॅनेजर, शेखर आणि कामगार उभे होते. अंबडच्या या कारखान्यातलं हे मशीन तिच्या अशिलाचं, शेखर पगारेचं. शेखर बौद्ध. खंडेनवमीला त्यानं मशीनची पूजा करायला नकार दिला आणि गेटबाहेर जाऊन उभा राहिला. सुट्टीनंतर वीज चालू केली आणि पॅनेल जळालं. आमच्या धर्माच्या रागानं यानं आधीच आत पाणी ओतलं, असं म्हणत मॅनेजरनं त्याला काढून टाकलं. शेखर कोर्टात गेला. नोकरीपेक्षा हा डाग त्याला जास्त सलत होता.

तृप्तीनं फाइलमधून पूजेच्या दिवसाचा फोटो बाहेर काढला. हार, कुंकू, प्रत्येक मशीनपुढे फुटलेला नारळ. शेखरच्याही.

"हा कुणी फोडला?" तिनं शेजारच्या मशीनवरच्या मल्हारीला विचारलं. तो आणि शेखर एका डब्यात जेवायचे.

"ज्याचं मशीन, त्यानं."

"शेखर तर गेटबाहेर होता."

मल्हारी फडक्यानं आपलं मशीन पुसायला लागला.

"मॅडम, मुंग्या काय, सगळीकडे असतात," मॅनेजर म्हणाला.

"साध्या पाण्याला लागत नाहीत. नारळाच्या गोड पाण्याला लागतात. नारळ मशीनच्या कडेवर आपटला, पाणी पॅनेलच्या फटीतून आत गेलं. तुमच्या पूजेनंच मशीन जाळलं. तुम्ही दार उघडून बघितलंसुद्धा नाही. कशाला बघाल? नाही म्हणणारा बौद्ध होता ना हाताशी."

मग ती मल्हारीकडे वळली. "वैऱ्यानं शेखरचं मशीन नारळाविना ठेवलं असतं, म्हणजे तो उघडा पडला असता. हा नारळ मित्राचा आहे."

मल्हारी खालीच बसला. ज्याच्या मशीनपुढे नारळ नसेल त्याचं नाव कामावरून काढायला वरच्या ऑफिसात जाईल, असा दम मॅनेजरसाहेबांनी दिला होता, हे त्यानं सांगून टाकलं.

"तुझी नोकरी वाचावी म्हणून फोडला रे शेखऱ्या. मग पॅनेल जळालं, आन् मी लय घाबरलो."

"मी नाही म्हणालो होतो," शेखर म्हणाला. "साहेबानं ऐकलं नाही. तूही नाही ऐकलंस."

तृप्तीनं शेखरला बाजूला घेऊन हळूच समजावलं. ही साक्ष झाली तर मल्हारीची नोकरी जाईल. नाही झाली तर शेखरवरचा डाग राहील.

शेखरनं एकदा मल्हारीकडे बघितलं, मग तृप्तीकडे वळला.

"लिहून घ्या, मॅडम."

मल्हारी सांगत राहिला. शेखर भिंतीकडे तोंड करून रडत उभा होता.