पाच ग्रंथींचं एकमत

सगुणा प्रयोगशाळेतल्या बाकावर पाय हलवत चहा पीत होती, आणि समोरच्या पडद्यावर तिच्याच सहकाऱ्यांच्या ग्रंथी तिला शत्रू ठरवायला निघाल्या होत्या. डॉ. अनसूया कडूंनी घाईघाईने पडदा बंद केला.

"ताई, कायचं पाहून राहिली एवढं?"

"काही नाही. सरावाला जा."

"सराव कायचा! सगळे माझ्यावरच खेकसून राहिले. काल विक्रांतनं माझा हात पिरगाळला. थट्टेत, म्हणे." सगुणा हसली आणि निघून गेली. धाकट्या बहिणीचं ते हसू अनसूयाबाईंना मुळीच सहन झालं नाही.

नागपूरच्या रक्षक-पथकाचे प्रमुख देवतळे आत आले, ते खुशीत. "मॅडम, नाकाडेला पकडल्यापासून शहरात चिटपाखरू हलत नाही. मग तुमचा चेहरा असा का?"

"त्यामुळेच," अनसूयाबाई म्हणाल्या. "साहेब, सगुणासकट या पाच जणांच्या बरगडीखाली आपण प्रतिबल-ग्रंथी वाढवली. ज्याची मनापासून भीती वाटते, त्याच्याविरुद्ध ती बळ देते. जेवढा मोठा धोका, तेवढं जास्त बळ. पण शत्रूच नसला तर ती उपाशी राहते, आणि मग तिला बारीकसारीक धोकाही मोठा दिसू लागतो. आपली रोगप्रतिकारशक्ती कधीकधी आपल्याच सांध्यांवर उलटते ना, तसं."

"मग काढून टाका ग्रंथी."

"मज्जातंतूंत रुजली आहे. काढली किंवा बंद केली, तर माणूसच जाईल."

"लुटुपुटूचे शत्रू उभे करा. यंत्रमानव वगैरे."

"केले. सराव आहे हे त्यांना ठाऊक असतं. भीती वाटत नाही, ग्रंथी ढिम्म हलत नाही."

पथकाचा नियम देवतळ्यांनीच केला होता. सुरुवातीच्या काळात एका वीराने भल्या पहाटे दूधवाल्याला चोर समजून कडुनिंबावर भिरकावलं होतं. पुन्हा एकट्याची चूक नको, म्हणून सगळ्या ग्रंथी एकमेकींना जोडल्या. निम्म्याहून जास्त ग्रंथींनी एखाद्याला शत्रू मानलं, की सगळ्यांच्या अंगात बळ यायचं. कागदावर नियम फार शहाणपणाचा होता. आता दोघांच्या ग्रंथींनी सगुणा निवडली होती, आणि तिसरी डळमळत होती.

"एखादा खलनायक शोधा, मॅडम," देवतळे कसनुसं हसत म्हणाले. "नायक काय, पैशाला पासरी मिळतात."

अनसूयाबाई हसल्या नाहीत. त्या तडक तुरुंगात गेल्या. नाकाडेला सोडून द्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एका बदमाशाच्या बदल्यात बहीण वाचत असेल, तर त्या जगाशी वैर घ्यायला तयार होत्या.

यशोधर नाकाडे एकेकाळी पथकातला सहावा वीर. पुढे तो फितूर झाला, उड्डाणपूल पाडला, वीजकेंद्र बंद पाडलं, हे शहरातलं शेंबडं पोरही सांगत असे. प्रत्यक्षात खाटेवर एक थकलेला माणूस पडला होता. पकडताना झालेल्या मारामुळे त्याची डावी बाजू लुळी पडली होती.

"मी दार उघडते. पळून जा," त्या म्हणाल्या.

"मला आता कोण भिणार, डॉक्टर? ग्रंथी मूर्ख नाहीत." तो त्यांच्याकडे बघत राहिला. "या वेळी कोण निवडून आलं?"

अनसूयाबाई खाटेजवळ आल्या. "या वेळी?"

"शहर तेव्हाही असंच शांत होतं. चौघांना अचानक मी नकोसा झालो. त्यांनी मला भिंतीवर आपटलं, तेव्हा मी पळालो. पूल पाडला तो पळताना, ते मागे लागू नयेत म्हणून. आधी मी शत्रू ठरलो, डॉक्टर. गुन्हे नंतर केले."

"मी सगुणाला दूर पाठवते."

"मीही दूरच गेलो होतो. तिला लपवलंत, तर पळाली म्हणतील आणि शोधत येतील."

अनसूयाबाई येरझारा घालू लागल्या. जिवंत माणूस हवा होता, आणि पाचही जणांना सगुणापेक्षा ज्याची जास्त भीती वाटेल असा. पाचही ग्रंथी बंद पाडण्याचा शमन-संकेत साऱ्या जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होता. त्या थांबल्या. त्यांनी पथकाला निरोप पाठवला: 'मी तुमच्या पाचही ग्रंथी आज बंद करणार आहे.'

ग्रंथी कोणाला शत्रू मानतात ते दाखवणाऱ्या मनगटावरच्या पट्टीवर सगुणाच्या नावापुढचे दिवे एकेक करून विझले. लगेच फोन वाजला.

"ताई, कोणीतरी तुझ्या नावानं खोटं लिहून राहिलं ना? सांग ना, ताई!"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. अनसूयाबाईंना रडू फुटत होतं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

मग सगुणा बोलली. आवाज तिचाच होता, पण त्यात ओळख उरली नव्हती. "कुठं आहेस तू?"

पट्टीवर पाच दिवे लागले. पाचही 'अनसूया कडू' या नावापुढे होते.

"मागच्या दारानं जा," नाकाडे कोपरावर उठत म्हणाला. "आणि सापडू नका, डॉक्टर. तुम्ही सापडलात की पुन्हा तिचीच पाळी."

अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि त्या पळत सुटल्या.