नाकसानचा तट आणि मुळ्याचा रस्सा

मी रस्सा ढवळत होते आणि हंड्यात छिन्नी पडली. थेट वरून, राजधानीभोवती नाकसान टेकडीवर बांधत असलेल्या तटावरून! डोळ्यांतला रस्सा पुसून मी वर पाहिलं. धुळीने पांढरं झालेलं एक तोंड खाली डोकावत होतं.

"लागलं का?"

"नाही!"

"तुम्हाला नाही, छिन्नीला विचारतोय!"

मी हादरले. त्याच हादऱ्यात प्रेमातही पडले, पण ते नंतर कळलं.

तो मान्सोक. दक्षिण किनाऱ्यावरून तटाच्या कामाला आलेला पाथरवट. छिन्नी न्यायला उतरला आणि तीन वाडगे रस्सा पिऊन गेला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"लोखंड जरा कमी पडलंय."

मग रोज काहीतरी पडू लागलं. मावशी, म्हणजे खानावळीची मालकीण, माझ्यावर ओरडायची, "कुत्सून, उद्या हा स्वतःच पडेल बघ!" मला चालणार होतं...

शरद ऋतू संपता संपता त्याचा भाग बांधून झाला. शेवटच्या दगडावर तो काही कोरत होता.

"हे काय?"

"माझं नाव. हा भाग ढासळला तर सरकार मलाच बोलावून पुन्हा बांधून घेणार."

"ढासळेल?" मी फार उत्साहाने विचारलं.

मी त्याच्या आईला शिवी दिल्यासारखा तो बघत राहिला. "माझा? दोन दगडांमधून केस जायचा नाही!"

निघताना तो म्हणाला, "बरं... मग..." मी म्हणाले, "हो... मग..." संपला निरोप.

केस जात नव्हता, पण दगडांमागे भरलेल्या खडी-रोड्यांत पाणी जात होतं. आणि पाणी गोठलं की फुगतं, हे किमचीची बरणी फुटलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. म्हणून हिवाळाभर मी उरलेला रस्सा तटावर चढून आत ओतला.

"रस्सा जातो कुठे गं?" मावशी विचारायची.

"तट पितो."

"तट?"

"थंडी किती आहे, मावशी!"

दोन दगड निसटावेत, एवढीच माझी इच्छा होती. बर्फ वितळलं आणि त्याचा अख्खा भाग कोसळला, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यासकट. कोंबड्या आणि मी, आ वासून उभ्या.

खरा धक्का मान्सोकला बोलावून आणल्यावर बसला. बांधकामाआधी फटके असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! त्याला बाकावर पालथं घातलं तशी मी धावले.

"थांबा! तट मी पाडलाय!"

"कशाने?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मुळ्याच्या रश्शाने."

मान्सोकने बाकावरूनच मान वळवली. "मुळ्याच्या?" तो कळवळला. "निदान मांसाच्या तरी..."

मी सगळं सांगितलं. अधिकारी पांढराफटक पडला. शिपायांना लांब पाठवून कुजबुजला, "राजधानीचा तट रश्शाने पडतो, हे शत्रूला कळलं तर? तट वाघाने पाडला. समजलं?"

"केवढ्या वाघाने?" मान्सोकने विचारलं.

"मोठ्या! फटके रद्द. आणि ही बाई यापुढे कुठल्याही तटाजवळ दिसता कामा नये. तुझ्या गावाला तट आहे?"

"नाही साहेब. नुसता समुद्र."

"मग काम संपलं की हिला तिकडेच घेऊन जा!"

माझं लग्न ठरलं की मला हद्दपार केलं, हे मावशीला कळेना, म्हणून ती दोन्हींसाठी रडली.

तट पुन्हा उभा राहिल्यावर आम्ही दक्षिणेला निघालो. दोन टेकड्या तो पुढे-पुढे चालला. मग म्हणाला, "तट कशाला पाडायचा? 'परत ये' म्हणाली असतीस तर..."

"तू तरी 'चल' म्हणालास?"

तो थांबला. माझं गाठोडं त्याच्या खांद्यावर, कान लालभडक.

"चल," तो म्हणाला.

"चाललोच आहोत की."

"तो साहेबाचा हुकूम होता. हे... मी म्हणतोय."

मग मी हुकमाशिवाय चालू लागले.