अक्काची बाजू

मोबाइल खाली ठेवा, आणि मध्येच कुणी हसायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा लहानपणापासूनचा मित्र आहे, गवंडी. उंच, ताठ, आणि कुणाचं काही वाकडं दिसलं की तोंडावर सांगणारा, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणतात, भिंतीचा वाकडेपणा दाखवणारा. रचून सांगणं त्याला जमतच नाही.

डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. दोन भावांनी त्याला शेतातल्या घरी कामाला बोलावलं होतं. काम साधंच, घराच्या मधोमध भिंत घालायची. बापाची जमीन दोघांत वाटून झाली होती. विहीर, गोठा, सगळ्याचं जमलं. घर तेवढं उरलं होतं आणि ते सोडायला कुणीच तयार नव्हतं.

खरं तर वारस तिघं होती. थोरली बहीण, अक्का. भाऊ शहरात नोकरीला गेले तेव्हापासून शेत तिनंच सांभाळलं. ट्रॅक्टर तीच चालवायची. रात्री वीज आली की पाणी द्यायला तीच उठायची. बाप अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याचं सगळं तिनंच केलं. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी यांना बघणारं कुणी आणा, मग माझं बघा." मधल्या खोलीत बापाच्या खाटेला लागून जमिनीवर झोपायची.

बाप गेल्यावर भाऊ गाडीतून आले. धाकटा म्हणाला, "अक्का, इथं सही कर गं. नावं कमी असली की कामं पटापट होतात. तुला काय, तू आहेस तिथंच राहणार."

तिनं कागद वाचलासुद्धा नाही. पाठच्या भावानं आणलेला कागद, त्यात वाचायचं काय?

पुढं घरावरून दोघांचं फिस्कटलं. मिटेपर्यंत घराला कुलूप. अक्काला म्हणाले, "थोडे दिवस अवजारांच्या शेडमध्ये राहा. तुझं बघू नंतर." पत्र्याची शेड, एका बाजूनं सताड उघडी. आदल्या हिवाळ्यात ती तिथंच गारठून मेली. घरापासून हाकेच्या अंतरावर. लोकांना सांगताना दोघांचं मात्र एकमत झालं. म्हणाले, हार्टचा त्रास होता. खरं काय ते ओळंब्याच्याही कानावर आलं होतं.

तर त्या गुरुवारी भावांनी मधल्या खोलीत खडूनं रेघ मारून दिली आणि ते शहरात परत गेले. ओळंब्यानं दिवसभरात कमरेइतकी भिंत चढवली. ओली भिंत एका दिवसात त्याच्या वर न्यायची नसते, कलते. शेवटची बस चुकली होती. त्यानं बाहेरच्या खोलीत पोतं अंथरलं, अंगावर घोंगडी ओढली आणि झोपला.

मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याला जाग आली. आत कुणीतरी वावरत होतं.

मांजर असेल, त्याला वाटलं. मग पाऊल वाजलं. अनवाणी. भिंतीच्या या टोकापासून... त्या टोकापर्यंत. परत. परत.

त्यानं विचारलं, "कोण आहे?"

पाऊल थांबलं.

"मिस्त्री..." बाईचा आवाज. मऊ. दमलेला. "माझी बाजू कुठली?"

त्याला वाटलं, शेजारच्या मळ्यातली कुणी असेल. तो म्हणाला, "बाई, मी मजूर माणूस. तुमच्या भावांना विचारा."

बोलून गेला, आणि अंगावर काटा आला. भाऊ... हे त्याच्या तोंडून कसं आलं?



"विचारलं होतं."

"मग?"

"बघू म्हणाले."

ओळंबा सांगतो, त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, तो पळाला तरी असता. तो उठून बसला. म्हणाला, "अक्का... हवी तेवढी घ्या. सगळं घर घ्या."



मग थापी वाजली.

विटेवर. एकदा. थांबून... पुन्हा. त्यानं घोंगडी डोक्यावर घेतली. डोळे मिटले. थापी वाजत राहिली. सावकाश. उजाडेपर्यंत.

सकाळी भाऊ आले तेव्हा तो दारातच बसला होता. तिघं मिळून आत गेले.

भिंत मध्येच उकलली होती. तिथल्या विटा काढून जमिनीवर एक चौकट बांधली होती, एका थराची. बाईमाणूस पाय पसरून झोपेल एवढी. अर्धी एकाच्या वाट्यातून, अर्धी दुसऱ्याच्या. सगळं घर घ्या म्हटलं होतं, तिनं एवढंच घेतलं.

दोघं भाऊ बघत राहिले. मग थोरला वाकला, रेघेवर बोटं ठेवून मोजलं, आणि म्हणाला, "माझ्याकडून जास्त गेलंय."

"तुझ्याकडून? नीट बघ, माझ्याकडून गेलंय!" धाकटा ओरडला.

भांडत भांडत दोघं बाहेर अंगणात गेले. बहिणीचं नाव एकानंही काढलं नाही. ओळंब्यानं अवजारं भरली आणि काम सोडलं. दुसरा गवंडी मिळाला नाही. घर तसंच आहे, अर्ध्या भिंतीचं. कुलूपही तेच.

पण एक गोष्ट त्यानं भावांना सांगितली नाही. मला सांगितली. निघताना तो त्या चौकटीपाशी गुडघ्यावर बसला. खोलीतली फरशी बर्फासारखी गार होती. पायांना झोंबत होती.

त्यानं आत हात ठेवला.

तेवढीच जागा... उबदार होती. नुकतंच कुणीतरी झोपून उठल्यासारखी.