तुर्की जहाजाच्या पोटात

१९८६च्या हिवाळ्यात येमेनच्या होदेदा बंदरातून एक जुनं लाकडी गलबत तांबड्या समुद्रात निघालं. गलबतावर चौघंच होते. प्रवाळांच्या खडकांत बुडालेल्या एका तुर्की युद्धनौकेचा, जहाज पुढं ढकलणारा ब्राँझचा पंखा त्यांना काढून आणायचा होता. परवानगी कुणाचीच नव्हती!

मोहीम भुजंग मुकादमाची होती. भुजंग हसनाबादचा. भोकरदन तालुक्यातली धट्टीकट्टी माणसं येमेनमध्ये रस्त्याच्या कामावर न्यायची, तिकडं उतरताच त्यांचे पासपोर्ट काढून घ्यायचे आणि मग हवी तेवढी वर्षं राबवायचं, हा त्याचा धंदा. सगळे पासपोर्ट तो मेणकापडाच्या थैलीत घालून गळ्यात बाळगायचा. झोपतानाही काढायचा नाही.

पुंजाराम आणि म्हस्कू त्याच्याच तावडीत सापडलेले. दोघंही पिंपळगाव रेणुकाईचे, विहिरी खणण्यात हयात घालवलेले. विहिरीत मोटार पडली की पुंजारामला बोलावणं यायचं, आणि कुणी जीव दिला तरी त्यालाच. एका दमात तो तळ गाठायचा. भुजंगला हे ठाऊक होतं.

"पंखा काढून द्या, पासपोर्ट घ्या अन् गावाकडं जा," तो म्हणाला होता.

"बराबर?" पुंजारामनं विचारलं.

"रेणुकाईची आण!"

पुंजारामची मुलगी आता घरभर चालत होती. बापानं तिला अजून पाहिलंच नव्हतं. तो लगेच हो म्हणाला, आणि तो निघाला म्हणून म्हस्कूही निघाला.

चौथा माणूस म्हणजे गलबताचा मालक सालेम. उमेदीत त्यानं मुंबईला खजुराच्या खेपा केल्या होत्या, त्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. बुडालेल्या जहाजाची जागा फक्त त्यालाच माहीत होती.

पहिले काही दिवस वारा अनुकूल होता. निळ्याशार पाण्याखाली प्रवाळांचे तपकिरी डोंगर सरकत राहायचे आणि सालेम नुसत्या पाण्याच्या रंगावरून वाट काढायचा. पण ऊन भाजून काढत होतं. पाण्याच्या पिंपावर भुजंगनं स्वतः बूड टेकलं होतं आणि तो घोट मोजूनमापून देत होता.

जहाजाची गोष्ट सालेमनं वाटेतच सांगितली. त्याच्या आजाच्या काळी या किनाऱ्यावर तुर्कांचं राज्य होतं. ही नौका किल्ल्याकिल्ल्याला शिपाई आणि धान्य पोचवायची, चोरून बंदुका आणणाऱ्या होड्यांचा पाठलाग करायची आणि बंड करणाऱ्या गावांवर तोफा डागायची. मग इटलीशी युद्ध पेटलं. इटलीची मोठी जहाजं हिला हुडकत आली, तेव्हा ती खडकांच्या आडोशाला दडली. भट्टीत कोळसा टाकणारे पळून जातील म्हणून कप्तानानं त्यांच्या खोलीचं लोखंडी झाकण वरून आवळून टाकलं. गोळे बरसू लागले. कप्तान होडीत बसून किनाऱ्याला लागला आणि जहाज बुडायला लागलं. झाकण तसंच होतं!

"अंदर से ठोकने की आवाज आती थी," सालेम म्हणाला. "मेरा दादा किनारे पे बैठा था. सारा गाँव बैठा था. कोई नहीं गया."

"का न्हाई गेलं?" म्हस्कूनं विचारलं.

"उसी जहाज ने हमारा गाँव जलाया था."

 भुजंग हसला. "मेले ते मेले. पितळ तर हाय ना खाली?"

जहाज सापडलं ते पाच पुरुष खोल पाण्यात, एका कुशीवर कलंडलेलं. हवा पुरवणारा कॉम्प्रेसर फटफटू लागला. त्याची रबरी नळी दातांत धरून, कमरेला दगड बांधून पुंजाराम खाली उतरला. वर नळी म्हस्कूच्या हातात होती.

खाली वेगळीच दुनिया होती! तोफेच्या नळीत मासे शिरत होते. डेकवर जांभळी प्रवाळं उगवली होती. पंख्याची तीन पाती वाळूत कायमची रुतलेली आणि चौथं तेवढं उघडं होतं, माणसाएवढं. पुंजारामनं घण आणि पहार चालवली. हाताला फोड आले, प्रवाळानं मांड्या सोलून निघाल्या, रक्ताच्या वासावर एक शार्क घिरट्या घालून गेला. शेवटी पातं निखळलं! दोरखंड बांधून तिघांनी ते वर ओढलं, तेव्हा गलबत एका बाजूला कललं. घासल्यावर ब्राँझ सोन्यासारखं झळकलं.

"झालं काम," पुंजाराम धापा टाकत म्हणाला. "पासपोर्ट द्या, मुकादम."

"भट्टीच्या खोलीत पितळी नळ्यांचा ढीग असतो. तो राह्यला."

"पंख्याचं ठरलं व्हतं!"

"अन् आता नळ्यांचं ठरलं."

पुंजाराम पुन्हा उतरला. गंजलेलं झाकण त्यानं पहारीनं उचकटलं. आत हिरवट अंधार होता. डोळे सरावले आणि त्याला हाडं दिसली. ती खोलीभर पसरलेली नव्हती. झाकणाखालच्या शिडीपाशी एकावर एक पडली होती. एका हाताच्या हाडांजवळ कोळशाचं फावडं होतं आणि त्याची कड ठोकून ठोकून वाकली होती.

तो तसाच वर आला. "मी न्हाई जाणार आता. तिथं माणसं हायेत."

भुजंगनं पिंपाचं झाकण दाबून धरलं. "मंग पाणी न्हाई. तुला बी न्हाई अन् म्हस्कूला बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत म्हस्कूची जीभ सुजली. त्याचं बोलणं बोबडं झालं. भुजंग त्याच्यासमोर बसून घटाघटा पाणी प्यायला आणि उरलेलं त्यानं समुद्रात ओतलं. सालेमनं मान फिरवली. पुंजारामनं नळी दातांत धरली.

नळ्यांचा पहिला भारा सुटला आणि तेवढ्यात वरचा लोखंडी पत्रा कोसळला! पुंजारामचा डावा पाय चवड्यापासून पत्र्याखाली अडकला. त्यानं जोर लावला. पाय हलेना!

नेमकी त्याच वेळी क्षितिजावर पहाऱ्याची लाँच दिसली.

"कॉम्प्रेसर बंद कर! धूर दिसंल!" भुजंग ओरडला. "नांगराचा दोर काप, चल!"

"पुंजा खाली हाय!"

"मेला तो आता!"

म्हस्कू कॉम्प्रेसरला पाठ लावून उभा राहिला. भुजंगनं पहारीचा दणका त्याच्या खांद्यावर घातला. म्हस्कू कोसळला. यंत्र थांबलं. तुरुंगाच्या भीतीनं सालेमनं दोर कापला, शीड सोडलं आणि गलबत सरकलं. पुंजारामच्या दातांतून नळी हिसकली गेली!

छाती फुटायची वेळ आली. इतका वेळ सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे खोलीच्या छताशी साचले होते, हे त्याला वर पाहिल्यावर कळलं. तिथं ओंजळभर उंचीची हवा होती. अडकल्या पायावर ताणून त्यानं नाक वर काढलं. कुबट, जड हवा, पण हवा! एक हात मोकळा होता. त्यात घण होता. तो लोखंडावर घालायला लागला. ठण्! ठण्! ठण्!

पाण्यातून तो आवाज गलबताच्या लाकडाला येऊन भिडला. सालेमच्या तळपायांना तो जाणवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सुना?" तो पुटपुटला. पुन्हा आवाज आला. त्यानं सुकाणू गर्रकन फिरवलं.

"काय करून राह्यला? सरळ ने!" भुजंगनं सुरा काढला. पण सालेमच्या हातात मासे मारायचा भाला आला होता आणि त्याचं टोक मुकादमाच्या गळ्यावर टेकलं होतं. म्हस्कू एका हातानं सरपटत आला. त्यानं सुरा हिसकला आणि गळ्यातली थैलीही तोडून घेतली. लाँच त्यांच्याकडं ढुंकूनही न बघता लांबून निघून गेली.

म्हस्कूनं कमरेला दोर बांधला, पहार घेतली आणि उडी टाकली. खांदा मोडलेला, तोंड कोरडं! झाकणातून तो आत शिरला तेव्हा ठोका मंदावला होता. त्यानं पत्र्याखाली पहार घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. पत्रा जरासा उचलला गेला. पुंजारामनं पाय ओढला. बोटं तिथंच राहिली. पाणी लाल झालं. म्हस्कूनं दोराला हिसका दिला आणि सालेमनं दोघांना वर खेचलं.

भुजंग गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून होता. त्यानं हातही लावला नाही. सालेमनं सळई लाल करून पुंजारामची जखम डागली. पुंजारामच्या किंकाळीनं खडकावरचे पक्षी उडाले.

परतीला दक्षिणेचा वारा सुटला. लाटा गलबताच्या वर चढायला लागल्या. पातं तळात इकडून तिकडं आदळलं आणि एक फळी फुटली! पाणी आत घुसलं.

"फेंको!" सालेम ओरडला.

भुजंगनं पात्याचा दोर स्वतःच्या कमरेला आवळून घेतला. "माझं हाय ते! टाकायचं तर मला घेऊन टाका!"

सालेमनं आणि म्हस्कूनं तरफ लावली. लाट आली, गलबत कललं आणि पातं कठड्यावरून घसरलं. भुजंग त्याच्यामागं फरफटत गेला! कसाबसा कठड्याला लटकला. कमरेचा दोर ताठ झाला, त्याच्या तोंडातून आवाज निघेना. सुरा म्हस्कूच्या हातात होता. तो हलला नाही. त्यानं पुंजारामकडं पाहिलं.

भुजंगची बोटं एकेक करून सुटत होती.

"काप," पुंजाराम म्हणाला.

म्हस्कूनं दोर कापला. पातं खाली गेलं. सालेमनं मुकादमाला केस धरून आत ओढलं. भुजंग ओकला, खोकला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं : "वाटोळं केलं तुम्ही माझं."

होदेदाच्या धक्क्यावर तो मागं न बघता निघून गेला. म्हस्कूनं पुंजारामला पाठुंगळी घेतलं. दवाखान्याची वाट लांब होती.

"का काप म्हणला, पुंजा?" वाटेत त्यानं विचारलं. "जाऊ द्यायचं व्हतं हरामखोराला."

पुंजाराम तापानं फणफणला होता. त्याचं डोकं म्हस्कूच्या मानेवर टेकलं होतं.

"खाली लई माणसं हायेत रे," तो म्हणाला. "अजून एक कशाला?"